खालच्यांचं राष्ट्रगीत

देश स्वतंत्र झाला तेव्हा परराष्ट्र खात्याच्या वाट्याला जनावरांचा जुना दवाखाना आला. दारं घोडा आत जाईल एवढी उंच, भिंतींत जागोजागी लोखंडी कड्या, आणि हवा दमट झाली की फरशीतून औषधाचा वास वर यायचा. आमचे परराष्ट्रमंत्री त्याआधी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून गाव त्यांना अजूनही भूगोलमास्तरच म्हणायचं. आम्ही खात्यातले मात्र साहेब म्हणायचो. परदेशी पाहुण्यांची नजर कड्यांवर गेली की साहेब सांगायचे, इथे पूर्वी मोठमोठी जनावरं बांधत, आता आम्ही बसतो. पाहुणे हसायचे. आम्हीही हसायचो, कारण तेव्हा आम्हाला सगळ्याचंच हसू यायचं.

मी राजशिष्टाचार विभागाची प्रमुख होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि झेंड्यांचं कपाट. कोण कुठे बसणार, कुणाचा झेंडा उजवीकडे, मोटारीतून आधी कोण उतरणार, हे ठरवायचं माझं काम. लोक या कामाची टिंगल करतात. करू देत. दोन मंत्र्यांना एकाच दारातून एकाच वेळी आत जायचं असतं तेव्हा तेच लोक मला शोधत येतात.

त्यातलं सगळ्यात अवघड काम होतं लोकांना उभं राहायला शिकवायचं. पहिल्या वर्षी राष्ट्रगीत चालू असताना लोक एकमेकांना पोराबाळांची खुशाली विचारायचे. एकाने तर शेजाऱ्याकडे काडेपेटी मागितली होती. मग मी नियम लिहिला: राष्ट्रगीत सुरू झालं की असाल तिथे उभं राहायचं, हात शिवणीला, मान सरळ, आणि शेवटचा सूर संपेपर्यंत हलायचं नाही. शाळांत गेले, बाजारात गेले, गिरणीच्या दारात उभी राहून शिकवलं. डोळ्यात माशी गेली तरी हलायचं नाही, असं मी सांगायचे, आणि कुणी हललं तर सगळ्यांदेखत झाडायचे. माझी ताई म्हणायची, तू मास्तरीण व्हायचीस, वाट चुकून सरकारात गेलीस.

त्या राष्ट्रगीताची चाल होती भावोजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. शब्द समितीने लिहिले होते, आणि ते समितीने लिहिलेत हे ऐकताक्षणी कळायचं. पण चाल अशी होती की शब्दांकडे कुणाचं लक्षच जात नसे.

भावोजी मूळचे खालचे. खालचे म्हणजे आमचे शेजारी. आमचा देश उंच पठारावर, आणि चहूबाजूंनी खालच्यांचा मुलूख. समुद्र त्यांचा, बंदर त्यांचं, आमच्या डोक्यावरचं आभाळसुद्धा चार मैल गेलं की त्यांचं. खाली जायला वळणावळणाचा एकच रस्ता, आणि रस्त्याच्या शेवटी फाटक. मीठ, रॉकेल, औषधं, शाळेच्या वह्या, सगळं त्या फाटकातून वर यायचं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. आमच्या बाबतीत पाणीही माशाचंच होतं.

खाली सेनापतींनी सत्ता घेतली तेव्हा भावोजी तिथल्या लष्करी बँडचे प्रमुख होते. त्यांच्या ओळखीची माणसं एकेक करून दिसेनाशी व्हायला लागली, तशी एक दिवस क्लॅरिनेटची पेटी काखेला मारून ते चालत वर आले. तेव्हा आम्ही अजून स्वतंत्र व्हायचे होतो आणि फाटकावर कुणी फारसं विचारत नसे. भाड्याने खोली शोधत ते आमच्या दारी आले. खोली मिळाली, पाठोपाठ ताईही मिळाली. ताई तोवर लग्नाचं नाव काढू देत नव्हती, तेव्हा भावोजींच्या वाजवण्यात काहीतरी असणार हे मला मान्य करावंच लागलं.

आमचा बँड त्यांनी उभा केला. क्लॅरिनेटवर न्हावी, मोठ्या भोंग्यावर बेकरीवाला, ड्रमवर दोन पोलीस, बाकी अशीच गावातली माणसं. सुरांची लिपी एकालाही वाचता येत नव्हती. भावोजी उजवा हात वर धरायचे, सगळ्यांचे श्वास थांबेपर्यंत तसाच ठेवायचे, आणि खाली आणायचे. हात खाली आला की सुरू. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. बेकरीवाला म्हणायचा, झोपेत जरी मास्तरांचा हात खाली आलेला दिसला तरी मी भोंगा फुंकेन.

साहेबांचं परराष्ट्र धोरण सोपं होतं: सगळ्यांशी मैत्री, कुणाच्याही बाजूला नाही. दूरदेशीच्या दोन मोठ्या सत्ता तेव्हा एकमेकींकडे डोळे वटारून बसल्या होत्या आणि आमच्यासारख्या नव्या देशांना जवळ ओढत होत्या. एकीने आम्हाला ट्रॅक्टर दिला, दुसरीने पूल बांधून दिला. अट अशी, की तिचा ट्रॅक्टर हिच्या पुलावरून जाता कामा नये. ट्रॅक्टर आठवडाभर अलीकडच्या तीरावर उभा राहिला. शेवटी साहेबांनी तो ओढ्यातून नेला आणि दोघींना आभाराचं पत्र पाठवलं. तेव्हा आम्हाला वाटलं, जमतंय की आपल्याला हे.

स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी खालच्यांचं मैत्री-शिष्टमंडळ येणार असल्याचं कळलं. फाटकाशी बरं असलेलं बरं, म्हणून आम्ही जय्यत तयारीला लागलो. रिवाज असा, की पाहुण्यांचं राष्ट्रगीत आधी, यजमानांचं नंतर. खालच्यांचं राष्ट्रगीत बँडला शिकवणार कोण, हा प्रश्नच आला नाही. भावोजींनी ते लहानपणापासून वाजवलेलं होतं. फक्त त्यांना पुढे आणायचं की नाही, यावर आमचा बराच खल झाला. मग मीच तोडगा काढला. बँडमास्तर बँडकडे तोंड करून उभा असतो, पाहुण्यांना दिसते ती पाठ. टोपी घातली की झालं. पाठीवरून कोण कुणाला ओळखतं? साहेबांना हे पटलं, सगळ्या खात्याला पटलं, आणि तालमी तर आम्ही सगळ्यांनी दवाखान्याच्या अंगणात बसून ऐकल्या, टाळ्या वाजवल्या.

खालच्यांचं राष्ट्रगीत त्या हिवाळ्यात बदललेलं आहे, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. सेनापतींनी जुनं बंद करून नवं बसवलं होतं आणि जुनं म्हणणाऱ्याला तुरुंग होता. त्यांचं रेडिओ केंद्र डोंगराआड असल्यामुळे आमच्याकडे लागत नाही. आमचा राजदूत त्यांच्याकडे नाही, कारण वकिलातीसाठी जागा भाड्याने घ्यायचं अजून चाललंच होतं. अख्खं परराष्ट्र खातं असलेला देश, आणि शेजारच्या घरात काय गातात ते माहीत नाही.

शिष्टमंडळाचा प्रमुख एक कर्नल होता. मोटारीतून उतरला, मी नेमून दिलेल्या जागी उभा राहिला, त्याच्यामागे त्याचे सहा अधिकारी. भावोजींचा हात वर गेला, खाली आला, आणि खालच्यांचं जुनं राष्ट्रगीत सुरू झालं. बँड इतका सुरेख कधीच वाजला नव्हता. कर्नलचा हात ताडकन कपाळाशी गेला. जन्मभर त्या चालीला सलाम केलेला हात तो, डोक्याला विचारून थोडाच वर जाणार? दुसऱ्या ओळीला त्याला उमगलं. मी समोरच होते, मला त्याचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. मागचे सहा जण त्याच्या हाताकडे बघत होते. हात हळूच खाली आला आणि त्याने टोपी सारखी केल्यासारखं केलं. मग त्याने बँडमास्तरच्या पाठीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला. ते लोक चहाला थांबले नाहीत.

फाटक दुरुस्तीसाठी बंद झाल्याचं दोन दिवसांनी कळलं.

काही दिवसांनी कर्नलने साहेबांना फाटकाशी बोलावलं. मीही गेले. बंद फाटकाच्या पलीकडे तो एकटाच उभा होता, नीट दाढी केलेला, पण डोळे न झोपलेल्या माणसाचे. त्याने आवाज चढवला नाही.

"तो माझ्याच पलटणीत होता. हात कसा उचलतो, मला माहीत आहे," तो म्हणाला. "माझा हात वर गेलेला सहा जणांनी पाहिलाय. मला इथून काहीतरी घेऊन जायलाच हवं. तुम्ही बँडमास्तर द्या, फाटक उघडतो."

साहेबांनी विचारलं, त्याचं तुम्ही काय करणार? कर्नलने त्यांच्याकडे असं पाहिलं, की हे विचारायला नको होतं असं साहेबांनाही वाटलं असावं.  भावोजींना ठेवून घेता येईल का, त्या दिवसापासून माझ्यापुढे एवढा एकच प्रश्न उरला.

साहेबांनी प्रयत्नांत कसूर केली, असं मी म्हणणार नाही. ते ट्रॅक्टरवाल्यांकडे गेले. ट्रॅक्टरवाल्यांना फार वाईट वाटलं. ते म्हणाले, विमानाने मीठ आणून टाकू, फक्त तुमच्या पठाराच्या टोकावर आम्हाला एक मनोरा बांधू द्या, खालच्यांच्या बंदरावर नजर ठेवायला. म्हणजे फाटक कायमचं बंद, आणि त्यांचं विमान जाणार खालच्यांच्या आभाळातूनच. साहेब पूलवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, धीर धरा, आणि बघा हं, ट्रॅक्टरवाल्यांना मनोरा दिलात तर आम्हाला वेगळा विचार करावा लागेल. इकडे आड, तिकडे विहीर. जागतिक परिषदेत आमच्या बाजूने ठराव झाला. परिषदेने चिंता व्यक्त केली. आमच्या रेडिओने ती चिंता दिवसातून तीनदा वाचून दाखवली. आमच्यासारख्याच नव्या, छोट्या देशांच्या तारा आल्या, आणि त्या अगदी मनापासून लिहिलेल्या होत्या. पण त्यांच्याही दाराशी कुणाकुणाची फाटकं होती.

नाक दाबलं की तोंड उघडतं. आधी मीठ संपलं. बेकरीवाला बिनमिठाचा पाव भाजायला लागला आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देईनासा झाला. मग रॉकेल संपलं, मग काडेपेट्या. शेजारणी एकमेकींच्या चुलीतून विस्तव मागून नेऊ लागल्या. दवाखान्यात, म्हणजे माणसांच्या दवाखान्यात, भुलीचं औषध संपलं. एका बाईचं ऑपरेशन तिला चौघांनी धरून ठेवून केलं. ती वाचली. पण तिचा आवाज पार बाजारापर्यंत आला होता, आणि त्या वेळी ताई बाजारात होती.

ताईला कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर मी तिथल्या तिथे त्यांची हजेरी घेतली असती. ती नळावर गेली की बायका गप्प व्हायच्या आणि तिची घागर आधी भरू द्यायच्या. ज्या भावोजींना रस्त्यात माणसं थांबवून नमस्कार करायची, ते दिसले की माणसं दुकानाच्या पाटीवर काहीतरी वाचायला लागायची. गरज सरो, वैद्य मरो, असं मी एकदा चिडून म्हटलं. ताई म्हणाली, "त्यांना नको बोलूस. ती किंचाळली ना, तेव्हा क्षणभर माझ्याही मनात आलं." 

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा भावोजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची जीभ ब्लेडने तासत होते. इतर वेळी मला बघितलं की ते चिडवायचे, या मेहुणीबाई, कुठे उभं राहू सांगा. त्या दिवशी नाही चिडवलं. मला वाटलं होतं, आता ते म्हणतील की देशासाठी मी जातो. तसं म्हणाले असते तर मी त्यांच्याशी भांडणार होते, सगळी भाषणं तयार होती.

ते म्हणाले, "मला जायचं नाहीये."

मी पाट ओढून त्यांच्यासमोर बसले.

"लोक म्हणतात, मी मुद्दाम जुनं वाजवलं. मोठा शूर म्हणे. मला कळलं असतं ना, की गीत बदललंय, तर मी निमूटपणे नवंच वाजवलं असतं. मी शूर बिर काही नाही गं. मला भीती वाटते." त्यांनी जीभ उजेडाकडे धरून पाहिली. "तू सरकारात आहेस. काहीतरी कर."

बघते, म्हणाले. ताई आत भांडी घासत होती. माझं 'बघते' ऐकून तिचा हात थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला. माझं 'बघते' म्हणजे काय हे तिला माझ्या लहानपणापासून ठाऊक होतं.

तरी मी गेले. साहेबांच्या खोलीत शिरले आणि तोंडाला येईल ते बोलले. ज्याच्या चालीवर देश उभा केलात त्याला विकता का, असं म्हणाले. झेंड्यांची कपाटं काय चाटायची आहेत, असंही म्हणाले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्यामागे भिंतीवर शाळेतून आणलेला जुना नकाशा होता, कडीलाच टांगलेला.

"बाई, मी मुलांना शिकवायचो की सीमा म्हणजे नकाशावरची रेघ," ते म्हणाले. "त्या रेघेवर फाटक असतं आणि कडी पलीकडून असते, हे पुस्तकात नव्हतं. मला सुचत असेल ते सगळं मी केलंय. तुम्हाला काही सुचत असेल तर सांगा, आत्ता पंतप्रधानांकडे घेऊन जातो."

 भिंतीतल्या कडीकडे बघत मी तिथेच बसले आणि खरोखर विचार केला. डोंगरातून पळवावं, तर डोंगर उतरला की त्यांचाच मुलूख. लपवावं, तर फाटक बंदच राहणार. कुणाचं नाव घेऊन शिव्या द्याव्यात, हेही सुचेना. कर्नलला द्याव्यात, तर तो स्वतःची मान वाचवत होता. साहेबांना द्याव्यात, तर ते माझ्यासमोर खुर्चीत म्हातारे होत होते. शेवटी मी उठले आणि साहेबांना विचारलं, चहा सांगू का? साखर अजून शिल्लक होती.

मंत्रिमंडळाने ठरवलं. भावोजी 'स्वेच्छेने मायदेशी परतणार' होते. फाटक समारंभाने उघडायचं, आणि झाल्या चुकीची भरपाई म्हणून आमच्या बँडने खालच्यांचं नवं राष्ट्रगीत बिनचूक वाजवायचं, ही कर्नलची अट होती. सहा जणांच्या देखत गेलेली अब्रू त्याला सहा जणांच्या देखतच परत हवी होती. फाटकाच्या फटीतून त्याने नव्या गीताचे कागद दिले.

कागद घेऊन मी ऑफिसात आले, टेबलावर पसरले, आणि मग माझ्या लक्षात आलं. पठारावर ते वाचू शकणारा माणूस एकच होता.

ते घेऊन मी त्यांच्याकडे गेले. भावोजींनी कागद गुडघ्यावर ठेवले, बोटाने ताल धरत शेवटपर्यंत गुणगुणले. मग म्हणाले, चाल टुकार आहे, पण ड्रमचा भाग ज्याने लिहिला त्याला काम येतं. मी त्यांना म्हटलं, भावोजी, असं कसंतरी शिकवा. न्हावी चुकू दे, बेकरीवाला चुकू दे.

"चुकले तर फाटक परत बंद, आणि मला नेतील ते नेतीलच," ते म्हणाले. "आणि वाईट कसं शिकवायचं, ते मला येत नाही."

जनावरांच्या दवाखान्याच्या त्याच अंगणात तालमी झाल्या. या वेळी बघायला कुणी बसलं नाही. खिडक्या लावून घेऊन आम्ही आत कामं करत होतो, आणि तरी सगळं ऐकू येत होतं. पहिल्या दिवशी बँडवाले मुद्दाम बेसूर वाजवत होते. भावोजी त्यांच्यावर ओरडले. तोवर ते कधी कुणावर ओरडले नव्हते. त्यानंतर बँड सरळ वाजायला लागला. शेवटच्या ओळीत क्लॅरिनेटची जागा अडखळत होती, ती त्यांनी स्वतःहून जरा बदलून दिली. आता बरी वाटते, असं ते न्हाव्याला म्हणाल्याचं मी खिडकीआडून ऐकलं. न्हावी वाद्य खाली ठेवून मोरीकडे गेला आणि तोंड धुऊन आला.

ताई तालमींकडे फिरकली नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्या दोघांचं लोकरी बंडीवरून भांडण झालं. ते म्हणत होते, खाली उकडतं, बंडी कशाला. ती म्हणत होती, तुरुंग कुठलाही असला तरी फरशी गारच असते. शेवटी बंडी तिने पिशवीत घातली, त्यांनी काढली नाही.

फाटकावर आम्ही सकाळी पोचलो. पलीकडे ट्रकांची रांग वळणापर्यंत लागली होती, पुढच्या ट्रकात मिठाची पोती दिसत होती. आमच्या बाजूला सगळं गाव आलं होतं. मी दोन्ही झेंडे लावले, दोघांच्या काठ्या सारख्या उंचीच्या आहेत की नाही हे मोजून पाहिलं. हो, त्या दिवशीसुद्धा मी ते केलं. मला दुसरं काय करता येत होतं?

क्रम ठरलेला होता. आधी त्यांचं गीत, मग आमचं, मग भावोजी जाणार, आणि मग ट्रक वर सोडणार. फाटकाचा आडवा दांडा वर उचलून ठेवला होता. पलीकडे कर्नल उभा, त्याच्यामागे तेच सहा जण. भावोजींनी पिशवी पायाशी ठेवली, बँडकडे तोंड केलं, आणि हात वर केला.

नवं गीत बिनचूक वाजलं. कर्नलने सलाम केला, सहा जणांनी तो पाहिला. शेवटच्या ओळीतली क्लॅरिनेटची जागा ऐकून कर्नलने भुवई किंचित उचलली. त्याच्या बँडपेक्षा ती आमच्याकडे चांगली वाजत असणार.

शेवटचा सूर विरला न विरला, तोच दोन शिपाई पुढे आले आणि भावोजींना दंडाला धरून दांड्याखालून पलीकडे घेऊन गेले. मी कर्नलला म्हटलं, अजून आमचं गीत व्हायचंय, क्रम ठरलाय. कर्नल म्हणाला, "मग वाजवा ना. तुम्हाला कुणी अडवलंय?"

मी बँडकडे वळले. सगळे वाद्यं तोंडाला लावून उभे होते आणि माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. ते पलीकडे बघत होते. आमचं राष्ट्रगीत त्या हाताशिवाय कधी सुरूच झालं नव्हतं. हात कोण वर करणार, हे ठरवायचं राहून गेलं होतं. बेकरीवाल्याचे गाल फुगलेले तसेच होते.

भावोजी जीपशी पोचले होते. डाव्या हातात पिशवी. एक पाय जीपमध्ये टाकताना त्यांनी मागे वळून पाहिलं. बँड खोळंबलेला दिसला, आणि त्यांचा उजवा हात वर गेला. कर्नलचा गेला होता ना, तसाच. क्षणभर तो तिथे थांबला. शेजारच्या शिपायाला काय वाटलं कोण जाणे, त्याने मनगट पकडलं आणि हात खसकन खाली ओढला.

हात खाली आला. बँड सुरू झाला.

एकाच वेळी, एकाच श्वासात, जसं त्यांनी शिकवलं होतं तसं. आणि सगळं गाव जागच्या जागी ताठ उभं राहिलं. हात शिवणीला, मान सरळ. म्हातारे, पोरं, पोलीस, साहेब. कुणी खोकललं नाही. मी शाळाशाळांतून, बाजारातून, गिरणीच्या दारात जे शिकवलं होतं, ते पहिल्यांदाच इतकं बिनचूक झालं. मीही उभी होते. माझ्या शेजारी ताई उभी होती.

समोर भावोजींना जीपमध्ये बसवलं. दार लावलं. जीप मागे-पुढे करत वळायला लागली, रस्ता अरुंद होता. आमच्या गीताचं दुसरं कडवं दोनदा म्हणतात. ते तसं असावं, असा भावोजींचाच आग्रह होता. पहिल्यांदा म्हणून होईपर्यंत जीप वळली होती. दुसऱ्यांदा म्हणत असताना ती ट्रकांच्या कडेकडेने निघाली. धावत गेलं असतं तर पहिल्या ट्रकापाशी गाठता आली असती. मग दुसऱ्या. मग वळण आलं.

शेवटचा सूर संपला. लोकांनी हात सैल सोडले. ड्रमवाल्या पोलिसाने काठ्या कुठे ठेवाव्यात ते न कळून त्या खिशात घालून पाहिल्या.

ताई माझ्याकडे वळली. ती रडत नव्हती, तिला खरंच काहीतरी विचारायचं होतं.

"मी का नाही गं हलले?" ती म्हणाली. "कुणी धरलं तर नव्हतं मला."

 मिठाचा पहिला ट्रक आमच्या अगदी पुढ्यात येऊन हॉर्न वाजवत होता. मी ताईच्या दंडाला धरलं आणि आम्ही दोघी बाजूला झालो.